साडूभाऊंचं नितळ पाणी आणि आमचे गळके सांधे

प्रिय साडूभाऊंना,
मनात काहीही असलं तरी कागदावर साष्टांग नमस्कार.

तुमची पाठ कशी आहे? तळं खणताना धरली होती असं ताईंनी हिला कळवलं, आणि हिने मला, दिवसातून तीनदा. आता बरी असेलच. तुमचं सगळं लवकर बरं होतं. आम्ही इकडे ठीक. (मासे बाथरूमच्या टबात आहेत, त्यामुळे माझी आंघोळ अंगणात.)

झालं असं, की तुमच्याकडून परतल्यापासून ही आमच्या तळ्याकडे बघून नुसती उसासे टाकते. म्हणे, तुमच्याकडे तळाचा खडान्‌खडा दिसतो. आमच्याकडे मासाही दिसत नाही, हे खरं. (टाकलेलं खाणं संपतं, म्हणजे मासे आहेत असं धरून चालायचं.) शेवटी मी म्हटलं, फिल्टर ना, माझ्या डाव्या हाताचा खेळ! आणि मी पडलो डावखुरा, तेव्हा खेळ खरोखरच डाव्या हाताचा झाला. निळा ड्रम आणला, भोकं पाडली, स्पंज आणि खडी भरली, पाइपांच्या आट्यांवर पांढरी टेप गुंडाळली, एकेका सांध्याला चांगले पंधरा वेढे. पंप सुरू केला मात्र, तिन्ही सांधे एकदम रडायला लागले. पुन्हा टेप, पुन्हा गळती. वरून सिलिकॉन थापलं, तेही ओल्यावरच. ते सायीसारखं अलगद निघून आलं. अखेर पाइप घेऊन हार्डवेअरच्या दुकानात गेलो, टेप गुंडाळून दाखवली, तर दुकानदार पोट धरधरून हसला. मी उलटी गुंडाळत होतो! पाइप जसजसा आवळावा, तसतशी टेप सुटत होती. मग उजव्या हाताने गुंडाळली, आणि रागारागात इतकं आवळलं की पाइप वळवणारा एल्बोच तडकला.

ही ओरडली असती तर परवडलं असतं. शांतपणे म्हणाली, "ताईच्या यजमानांना विचारायचं होतं." एकवीस वर्षांत माझ्या एकाही कामापाशी उभं राहून हिने "वा!" म्हटलेलं नाही. तुमच्या तळ्याकाठी अर्ध्या तासात चारदा म्हणाली. मी मोजलं. जळतो मी तुमच्यावर, झालं समाधान?

कळावे. लोभ आहे तेवढा पुरे.
आपला,
धाकटा साडू

ता. क. रविवारी येता का? टेप आणि नवा एल्बो आणून ठेवलाय. ताईंनाही आणा.

आणखी एक ता. क. सांधे पक्के कराच. पण पहिला सांधा, ही बघत असताना, जरासा गळू द्या. चारच थेंब. मग मी तुमच्या खांद्यावर हात ठेवून म्हणेन, "असू द्या हो, होतं असं कधीकधी." एवढं वाक्य मला तिच्यासमोर एकदा म्हणायचंय.