आईंचा ठिपका

ती. ताई,

वाकून नमस्कार. तुमचा गुडघा कसा आहे? जिना उतरताना अजून कळ येते का? आणि डॉक्टरांनी दिलेले व्यायाम तुम्ही खरंच करता, की आमच्यासारखा तो कागद फ्रिजला चिकटवून मोकळ्या झालात? इथे आम्ही सगळे ठीक आहोत. (हे पत्रात लिहायचं असतं म्हणून लिहिलं. पुढे वाचा.) आई, म्हणजे तुमच्या आई आणि माझ्या सासूबाई, तब्येतीने उत्तम आहेत. त्या इतक्या उत्तम आणि इतक्या शांत आहेत, की गेले नऊ दिवस मला आणि तुमच्या भावाला घास गिळवत नाही.

आजच्या काळात पत्र कसलं लिहितेय म्हणून हसू नका. फोन करायची सोय नाही, कारण आमच्या दोन खोल्यांत कुजबुजलेलं साध्या बोलण्यापेक्षा जास्त ऐकू येतं. मेसेज करावा, तर आमच्या ऑफिसात मी जे अ‍ॅप तयार करते आहे ते घरातल्या सगळ्यांच्या फोनवर आहे, आणि ते मेसेजमधला वार वाचून आपणहून साऱ्या घराच्या कॅलेंडरात टिपून ठेवतं (ही कल्पनाही माझीच). मागच्या आठवड्यात मी तुमच्या भावाला 'रविवारी पडद्यांचं बघू' एवढंच लिहिलं, तर सगळ्यांच्या फोनवर 'रविवार: पडदे' अशी आठवण गेली आणि आईंनी सकाळी सातला घरातले सगळे पडदे काढून धुवायला घातले. दिवसभर समोरचे लोक आमच्याकडे आणि आम्ही समोरच्यांकडे बघत बसलो. कागदाला निदान आपण कुठे आहोत ते ठाऊक नसतं, म्हणून कागद.

तर मी म्हणत होते ते पडदे या घराचे नव्हतेच, इथूनच खरी गोष्ट सुरू होते. सरळच सांगते. आम्ही वेगळं घर भाड्याने घेतलं आहे. इथून चालत पंधरा मिनिटांवर, तळमजल्यावर. भांडण नाही, कुरबुर नाही, देवाशपथ नाही. पण ताई, गेली दोन वर्षं मी वॉशिंग मशीनवर लॅपटॉप ठेवून काम करते, आणि मशीन कपडे पिळायला लागलं की मीटिंगमधल्या लोकांना वाटतं बाईंना थंडी वाजतेय. धाकटे भाऊजी आईंपाशीच राहणार आहेत. एक तारखेला किल्ली मिळेल. सगळं ठरलं आहे, फक्त आईंना सांगायचं राहिलं आहे. ते सहा महिने राहिलं आहे. तुमचे बंधू म्हणतात, योग्य वेळ बघून सांगू. आता यातली गंमत बघा, की कोणी कधी कुठे कोणाला भेटावं याची योग्य वेळ शोधून काढणं यासाठी मला ऑफिसात पगार मिळतो, आणि घरातल्या घरात, आठ पावलांवर बसलेल्या बाईंना एक गोष्ट सांगायला मला दहा मिनिटं सापडली नाहीत.

अ‍ॅप कसं चालतं ते थोडक्यात सांगते, कारण घोळ तिथेच आहे. नकाशावर आपल्या ओळखीची माणसं ठिपक्यांसारखी दिसतात. प्रत्येकाचं कॅलेंडर त्याला जोडलेलं असतं. ओळखीची तीन माणसं एका जागी जमली, की अ‍ॅप समजतं की बैठक जमली. मग जवळपास चौथं कोणी मोकळं आहे का ते बघतं आणि त्याला आमंत्रण धाडतं: 'तुमची माणसं इथे जमली आहेत. येताय?' आता मोकळं कोणाला म्हणायचं, यावर ऑफिसात दोन दिवस वाद चालला होता. आमच्याकडे नकाशा सांभाळणारा एक गृहस्थ आहे (आम्ही त्याला नकाशेबुवा म्हणतो), तो म्हणत होता, कॅलेंडरात काही लिहिलं नाही याचा अर्थ माणसाने काही सांगितलं नाही एवढाच होतो. मी टेबलावर हात आपटून म्हटलं, ज्याचं पान रिकामं तो माणूस मोकळा. वादात मी जिंकले. साहेबांनी सगळ्यांसमोर माझं कौतुक केलं. आमच्या घरात पहाटे पाचपासून दिवा मालवेपर्यंत जिला क्षणाची उसंत नसते आणि जिने जन्मात कॅलेंडरात एक अक्षर लिहिलेलं नाही, अशी एक बाई आहे, हे त्या वेळी माझ्या डोक्यातच आलं नाही.

साहेबांचा हट्ट, की चाचणीला खोटी माणसं नकोत, खोटे ठिपके मेल्यासारखे दिसतात. म्हणून मी आपलं घर घातलं, आणि शेजारपाजारच्या नि येणाऱ्याजाणाऱ्यांच्या फोनवरही अ‍ॅप चढवलं. पहिल्याच आठवड्यात आईंना अठरा आमंत्रणं गेली. आम्ही तिघं बसस्टॉपवर उभे राहिलो, आमंत्रण. तिघं दाताच्या डॉक्टरकडे बसलो, आमंत्रण. एकदा तुमचे दोघे भाऊ आणि शेजारचे काका पंक्चर काढायला गॅरेजात थांबले होते, तिथे आई खरोखरच जाऊन पोचल्या. मेकॅनिकने त्यांना स्टूल दिलं, चहा पाजला, आणि गाडीत काय बिघडतं ते समजावून सांगितलं. तेव्हापासून त्यांचं मत झालं आहे, की घरातल्या माणसांना आपली आठवण राहत नाही पण फोनला राहते. (हे त्या हसत म्हणाल्या. मी हसले नाही.)

आता तो गुरुवार. सकाळी अकराला गिऱ्हाईक येणार होतं. तीन माणसं, मध्ये एक चष्मेवाल्या बाई, त्यांचाच शब्द शेवटचा. हे काम मिळालं नसतं तर आमचं अख्खं खातं बंद करायचं असं वरून ठरलेलं होतं, म्हणजे मीही घरी आणि नकाशेबुवाही घरी. त्याच वेळी नव्या घराच्या मालकाने तासाभरासाठी दार उघडून दिलं होतं, आणि तुमचे दोघे भाऊ सुताराला घेऊन ओट्याची मापं काढायला जाणार होते. आपल्या स्वयंपाकघरातल्या फळ्या ज्यांनी केल्या तेच सुतार, म्हणजे ओळखीचे. मी तुमच्या भावाला आदल्या दिवसापासून तीनदा बजावलं होतं, की फोनवरचं ठिकाण बंद करा. त्यांनी तीनदा सांगितलं, केलंय बंद. त्यांनी जे बंद केलं होतं तो आवाज होता.

मी बोलायला उभी राहिले. भिंतभर नकाशा, माझ्याच फोनमधला, म्हणजे ठिपके आपल्याच घरातले. मी सांगतेय की माणसं कशी जवळ येतात, आणि माझ्या पाठीमागे पडद्यावर तीन ठिपके नव्या घरात जमले. मला कळलं ते चष्मेवाल्या बाईंच्या चेहऱ्यावरून. मी वळले तेव्हा आमंत्रण गेलेलं होतं. आईंचा ठिपका घरात होता. मी मनात म्हटलं, आता कणीक मळत असतील, हात भरलेले असतील, फोन कुठला बघतायत. तेवढ्यात खाली अक्षरं आली: 'येते.' आणि ठिपका दारातून बाहेर पडला.

 मी म्हटलं, आता आपण पुढचा भाग बघू. तर बाई म्हणाल्या, "थांबा हो, पोचतात का बघू या ना." तिघंही खुर्च्या पुढे ओढून बसले. तुमच्या भावाला फोन करावा, तर माझाच फोन भिंतीला जोडलेला. मी नंबर लावला असता तर 'अहो' असं हातभर मोठ्या अक्षरांत सगळ्यांनी वाचलं असतं. मी नकाशेबुवाकडे डोळे मोठे करून पाहिलं, की बाबा रे, बंद कर हे. त्याला वाटलं मी नकाशा मोठा करायला सांगतेय. त्याने केला. आता आमची गल्ली भिंतभर झाली आणि आई तिच्यातून टुकूटुकू चालल्या होत्या. मी पाण्याचा ग्लास सांडून बघितला. प्रोजेक्टर कोरडा राहिला, फक्त साहेबांची वही भिजली, आणि साहेबांनी माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं की मी पुढे काही सांडायचा विचार सोडून दिला.

औषधाचं दुकान गेलं. भाजीवाल्यापाशी ठिपका थांबला आणि माझ्या जिवात जीव आला, कारण भाव विचारल्याशिवाय आई पुढे जात नाहीत आणि कधीकधी तिथूनच घरी वळतात. चार मिनिटं. मी त्या चार मिनिटांत काय बोलले मला आठवत नाही. नकाशेबुवा म्हणतो की मी अ‍ॅपच्या रंगसंगतीवर बोलले आणि फार छान बोलले. मग ठिपका हलला, चौकात उजवीकडे वळला, आणि त्या इमारतीशी जाऊन उभा राहिला. पडद्यावर आलं: 'सगळे जमले.' कारण आमच्या हिशेबात पंचवीस पावलांच्या आतला माणूस पोचला असं धरतात. तिघांनी टाळ्या वाजवल्या. बाई म्हणाल्या, असं घरपण आम्हाला हवं होतं. काम आम्हालाच मिळालं. साहेब माझा हात धरून हलवत होते आणि मी त्यांच्या खांद्यावरून पडद्याकडे बघत होते. ठिपका आत जात नव्हता. अकरा मिनिटं तो बाहेर एका जागी उभा होता. मग मागे फिरला आणि आला त्या रस्त्याने घरी गेला.

संध्याकाळी मी घरी आले तेव्हा आईंनी चहा टाकला आणि दिवस कसा गेला विचारलं. बस्स. नऊ दिवस झाले, एक अक्षर नाही. तुमचे बंधू म्हणतात आई आत आलीच नाही, माझं खिडकीकडे लक्षच नव्हतं, सुतारांनीही कोणाला पाहिलं नाही. दम खायला थांबली असेल. ताई, सपाट रस्त्याने पंधरा मिनिटं चाललेल्या बाईला अकरा मिनिटं दम खावा लागतो का? खिडकी उघडी होती की बंद हे त्यांना आठवत नाही. आईंना फोनमध्ये फक्त इमारतीची खूण दिसली असणार, कोणाचं घर ते नाही. म्हणजे कदाचित चुकीची जागा समजून परतल्याही असतील. परवा जेवताना त्या म्हणाल्या, तळमजल्यावर ओल येते म्हणतात. तुमच्या भावाला असा ठसका लागला की पाठीवर थापट्या माराव्या लागल्या. मग कळलं की विषय शेजारणीच्या बहिणीच्या घराचा चालला होता. किंवा नव्हता. मला आता काहीच कळेनासं झालं आहे. मी त्यांच्या चेहऱ्याकडे बघत बसते आणि त्या विचारतात, माझ्या नाकाला काही लागलंय का.

ताई, मला भीती रागाची नाही. रागावल्या तर मी पाय धरीन. त्यांना हे आमच्या तोंडून न कळता एका फोनमधून कळलं असेल, आणि तो फोनही मीच शिकवलेला, या विचाराने मला भरून येतं. गुडघ्याला जपा.

तुमची
भावजय

ता. क. पत्र गुडघ्यासाठी लिहिलं नाही हे तुमच्या लक्षात आलंच असेल. एवढं करा: सहज म्हणून आईंना फोन करा आणि त्यांना कळलं आहे का ते काढून घ्या. कळलं नसेल तर आम्ही शांतपणे, योग्य वेळ बघून सांगू. मला फक्त 'कळलंय' किंवा 'नाही' एवढंच कळवा. पत्र टाकायला तुमच्या भावाकडे देते आहे.

ता. क. (दुसऱ्या शाईने) पोरी, हे अक्षर माझं. धुवायला टाकण्याआधी त्याच्या शर्टाचे खिसे बघितले, त्यात हे पाकीट निघालं. दुसऱ्याचं पत्र वाचू नये हे मला कळतं, पण ते नीट चिकटलेलं नव्हतं आणि आत पानोपानी मीच होते. खिडकी उघडी होती. तो हात पसरून सुताराला सांगत होता, इथे हिचं टेबल, इथे सकाळचा उजेड येतो. इतका खुशीत मी त्याला कितीतरी वर्षांत बघितला नव्हता. मी आत गेले असते तर तो चेहरा पडला असता, म्हणून बाहेरूनच बघितलं. येताना वाईट वाटलं, रडलेही थोडी, तुझ्यापासून काय लपवायचं. घर चांगलं आहे. पण मला ते त्यांनी समोर बसून सांगायला हवं. तेवढा मान मला हवा आहे. तेव्हा तू तिला कळव, की आईला काही ठाऊक नाही. पाकीट डिंकाने चिकटवून मीच टाकते. आपण टाकलं नाही हे त्याला आठवणार नाहीच. रोज संध्याकाळी सगळं आवरलं की मी अर्धा तास खुर्चीत हात मोकळे ठेवून बसते, दोघांपैकी कोणी येऊन सांगेल म्हणून. मला असं बसता येत नाही, तुला ठाऊक आहे. तरी बसते.