मशीन थांबल्यावरचे चार ठोके

मी, जिला या गल्लीत सगळे शिवणबाई म्हणतात ती, वय एक्कावन्न, शिक्षण चौथी नापास, धंदा शिवणकाम, हे मृत्युपत्र राहत्या घरी, पुढच्या खोलीत, मशीनच्या फळीवर कागद ठेवून स्वतःच्या हाताने लिहिते आहे. डोकं ठिकाणावर आहे. गाठ पोटात आहे, डोक्यात नाही. तसं डॉक्टरांनी लिहून दिलंय आणि तो कागद सोबत टाचला आहे. कुणी धमकावलेलं नाही, कुणी फूस लावलेली नाही. मला फूस लागली होती ती सतरा वर्षांपूर्वी. ती पुढे येईल.

वकिलाच्या कारकुनाने मसुदा करून दिला होता. छान टाइप केलेला. त्यात माझी मुलगी अर्ध्या ओळीत संपली होती: ‘एक कायम परावलंबी अपत्य’. मी विचारलं, “हे काय?” तो म्हणाला, “बाई, कायद्यात असंच लिहितात.” मी म्हटलं, “मग कायद्याला सांगा, तिला गुंडी म्हणतात.” तो हसला आणि म्हणाला, थोडक्यात लिहा. थोडक्यात लिहिलं तर माझ्यामागे तुम्ही लोक तीच चूक परत कराल. म्हणून लांबण लावणार आहे. बसून वाचा.

कलम एक. घर. दोन खोल्या, पुढची आणि मागची, मधे फळ्यांची भिंत. ते माझ्या नावावर आहे, माझ्यामागे माझी मुलगी गुंडी, वय बावीस, हिचं. ती हयात असेपर्यंत विकायचं नाही, गहाण टाकायचं नाही. तिचा सांभाळ करणारीने तिच्यासोबत इथेच राहावं. मधली फळ्यांची भिंत काढायची नाही. रंग द्या, खिळे मारा, पण काढायची नाही. कारण पाचव्या कलमात आहे.

कलम दोन. बँकेत जे काही आहे ते गुंडीच्या खाण्यापिण्याला, कपड्यांना, औषधाला. दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाई सांगतील ते सगळं करा. पण कुठल्याही कार्यक्रमाला त्यातला एक पैसा द्यायचा नाही. कार्यक्रम म्हणजे काय, ते आता सांगते.

कलम तीन. यात वाटायचं काही नाही. कारकून म्हणाला, मग कलम कशाला? मी म्हटलं, हे सगळ्यांना वाटून आहे.

गुंडी पाच वर्षांची होती. चालायची, पण बोलायची नाही, हाक मारली तर वळायची नाही. दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी दोन तास तिच्याशी खेळून बघितलं आणि म्हणाल्या, “हिला हिच्या चालीने वाढू द्या. हळूहळू शिकेल. दर आठवड्याला आणा, आपण मिळून बघू.” मला राग आला. मला काम सांगा, मी करते. ‘वाढू द्या’ हे काय काम झालं? मग माझ्या नणंदेने सरांचा पत्ता आणला.

सरांचा हॉल गोदामाच्या वर होता. पंधरा-वीस आईबाप सतरंजीवर बसलेले, मांडीवर आपापली पोरं. सर म्हणाले, मूल रांगायच्या वयात पुरेसं रांगलं नाही, म्हणून मेंदूत वाटा पडल्या नाहीत. त्याला परत रांगवा, दिवसातून पाच वेळा, वर्षानुवर्षं, म्हणजे वाटा पडतील आणि बोलणं त्या वाटेने येईल. मला पाहिजे होतं ते मिळालं. काम.

सर याला कार्यक्रम म्हणायचे. आम्ही टेबल केलं. गादी मी शिवली. गुंडीला पालथं झोपवायचं. तिच्या बाबांनी डोकं धरायचं, मी उजवा हात, शेजारची इस्त्रीवाली डावा हात, नणंद एक पाय, बेकरीवाला दुसरा. मी म्हणायची, “डावं, उजवं, डावं, उजवं,” आणि पाच माणसं मिळून एका पोरीला जागच्या जागी रांगवायची. तिचा एक गाल गादीवर आणि एक डोळा आमच्याकडे. कुणाकडे म्हणून नाही, आमच्या सगळ्यांकडे. चार वर्षं चाललं.

सर लबाड होते असं मला वाटत नाही. गिऱ्हाईक ओळखण्यात माझा जन्म गेला, लबाड असते तर मला कळलं असतं. त्यांचा स्वतःचा विश्वास होता. तेच वाईट झालं.

कलम चार. हातमोजे.

गुंडीला एक चाळा होता. मागच्या खोलीत तिची खाट फळीला लागून होती. तिथे बसून ती बोटांच्या पेरांनी फळीवर ठोके मारायची. ठक ठक ठक ठक. चार. मग गप्प. मी इकडे शिवत असायची. दिवसातून पन्नास वेळा, शंभर वेळा. माझं डोकं उठायचं.

सरांना सांगितलं. ते म्हणाले, “हा चाळा म्हणजे गळका नळ आहे. जी ताकद बोलण्याला जायची ती इकडे वाहून जाते. नळ बंद करा.” वही घातली. रोज किती ठोके, ते लिहायचं. आणि मी हातमोजे शिवले, अंगठ्याशिवायचे, आत कापसाचा थर, मनगटाला दुहेरी शिवण. दुसऱ्या आयांनीही शिवले होते. त्यांची पोरं दातांनी धागा तोडायची आणि हात मोकळे करून घ्यायची. माझ्या हातची शिवण निघत नाही. गल्लीत कुणालाही विचारा. ती शिवण मी आयुष्यभर मिरवली, आणि तीच माझ्या पोरीच्या मुळावर आली.

तिचे बाबा दुपारी जेवायला आले की गुपचूप मोजे सोडायचे. मी पकडलं. म्हटलं, “तुम्हाला पोरगी बोलायला नकोय का?” ते म्हणाले, “हवीय गं. पण ती कुणाला ठोकून दाखवते?”

“भिंतीला,” मी म्हटलं. आणि मनगटाला आणखी एक शिवण घातली.

सात महिन्यांनी वहीत शून्य आलं. पुढे रोज शून्य. हॉलमध्ये सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मला काचेच्या चौकटीतलं प्रमाणपत्र मिळालं. मोजे काढले तेव्हा गुंडीने हात मांडीवर ठेवले, कुणीतरी ठेवायला दिलेले असावेत तसे. अजूनही तसेच असतात. बोलणं आलं नाही. नळ बंद झाला, पाणी कुठेच गेलं नाही. पुढे हॉलही बंद झाला, सर गाव सोडून गेले. आता तिथे बुटांचे खोके आहेत.

मोजे कपाटात खालच्या कप्प्यात आहेत. ते जाळायचे नाहीत. इस्त्रीवालीने बसून टाका टाका उसवावेत. वेळ लागेल. लागू दे.

कलम पाच. मशीन.

पायाचं मशीन, माझ्या लग्नाच्या आधीपासूनचं. गुंडीचे बाबा गेले, त्याच्या पुढच्या वर्षी ते अडकायला लागलं म्हणून मेकॅनिकला बोलावलं. नवाच होता, पोरगेलासा, पण कान तयार. पॅडल मारलं, थांबला. परत मारलं, थांबला. म्हणाला, “मावशी, खालच्या दांडीचा नट सैल आहे. चाक थांबताना दांडी लाकडावर आपटते. ऐका.”

ठक ठक ठक ठक.

“किती वर्षं आहे हे?” त्याने विचारलं.

मी म्हटलं, “काय?”

“हे चार ठोके. मशीन थांबलं की दर वेळी. तुम्हाला सवय झाली असेल म्हणून ऐकू येत नसतील. घट्ट करून देऊ?”

मी खाली बसले. तो घाबरला, पाणी आणायला मागे धावला.

शिवण संपली की मी थांबायची. मशीन चार ठोके द्यायचं. माझ्या पोरीला वाटायचं, आई हाक मारते आहे. ती फळीपलीकडून चार ठोके परत द्यायची. दिवसातून पन्नास वेळा, शंभर वेळा, मी हाक मारत होते आणि ती ओ देत होती. जिला ऐकू येत नाही, जिला हाकेचं कळत नाही असं मी साऱ्या गावाला सांगत फिरले, तिने एक हाक खाली पडू दिली नव्हती. आणि मी तिची ओ शिवून टाकली.

तिच्या बाबांना हे कळलं नाही. त्यांना उत्तर द्यायचं राहिलं, ते इथे देते: मला. मला ठोकून दाखवत होती.

नट मी घट्ट करू दिला नाही. सहा वर्षं झाली. रोज शिवते, थांबते, चार ठोके पडतात, मी मान वर करून बघते. गुंडी आता पुढच्या खोलीतच खिडकीपाशी बसलेली असते, हात मांडीवर. आणि कधीकधी फळीपलीकडून ठोके येतात. गुंडी माझ्या डोळ्यांसमोर असते, हात हललेले नसतात, आणि मागच्या खोलीतून येतात. हलके, लहान हाताचे. माणूस मेल्यावर भूत होतं असं म्हणतात. माझी पोरगी जितीजागती समोर आहे आणि तिचं पाच वर्षांचं भूत मागे खाटेवर बसलंय. ते अजून ओ देतं. म्हणून भिंत काढायची नाही. हे वाचून कुणी म्हणेल, बाईचं डोकं फिरलं, मृत्युपत्र रद्द करा. त्यांच्यासाठी डॉक्टरांचा कागद टाचला आहे, वर लिहिलंय.

मशीन गुंडीच्या नावाने. विकायचं नाही, नट घट्ट करायचा नाही.

कलम सहा. पालक. भांडण होणार ते इथे.

नणंदेला वाटतं, गुंडी तिच्याकडे जावी. वन्सं, तुमची माया मला माहीत आहे. तुम्ही चार वर्षं पाय धरलात, स्वतःची कंबर आखडली तरी चुकला नाहीत. पण गेल्या महिन्यात तुम्ही पत्रक घेऊन आलात. पाण्याचा कार्यक्रम. म्हणालात, “वहिनी, हे सर वेगळे आहेत. बावीस म्हणजे काही उशीर नाही.” तुमच्या डोळ्यांत तेच होतं जे माझ्या डोळ्यांत होतं. म्हणून तुम्हाला नाही. राग धरा. मी नसेनच.

गुंडीची पालक शेजारची इस्त्रीवाली. ती तिसऱ्या आठवड्यात हात सोडून उभी राहिली होती. म्हणाली, “मला नाही जमत. ती आपल्याकडे बघते.” मी म्हटलं, “घाबरट. दुसऱ्याचं पोर म्हणून सोडून चाललीस.” त्यानंतर नऊ वर्षं मी तिच्याशी बोलले नाही. तिच्या दारावरून जाताना तोंड फिरवायची, आणि कपडे मुद्दाम पलीकडच्या गल्लीत इस्त्रीला द्यायची. पाचांतली ती एकटी शहाणी निघाली. हे तिला तोंडावर सांगायला मला जड गेलं, म्हणून स्टॅम्पपेपरवर सांगते.

कलम सात. इस्त्रीवालीने रोज सकाळी मशीनवर बसावं. पॅडल मारावं, थांबवावं, चार ठोके पडले की न बोलता शंभर आकडे मोजेपर्यंत वाट बघावी. गुंडीने उत्तर दिलं तर कागदावर खूण करावी. असं दिवसातून पाच

हे इतकं लिहिलं आणि इस्त्रीवाली गुंडीचे कपडे घेऊन आली. मी तिला वाचून दाखवलं. तिने घड्या खाली ठेवल्या.

“पाच वेळा?” ती म्हणाली. “आणि वही पण घालायची?”

मी कागद उलटा ठेवला.

“अगं, टेबल तेवढं राहिलं. ते पण आणून टाक.”

मी म्हटलं, “मला फक्त एकदा ऐकायचंय.”

“तुला ऐकायचंय. तिला काय?” ती मशीनकडे बघत म्हणाली, “मला शिवता येत नाही. एखादं बटण तुटलं, काही उसवलं, तर बसेन त्याच्यावर. थांबलं की ते वाजेल. तिला वाटलं तर वाटलं. मी बघत बसणार नाही. चालेल तर दे पोरगी, नाहीतर तुझ्या वन्संना बोलाव.”

कलम सात रद्द. मी स्वतः खोडलं आहे, खाडाखोडीवर सही केली आहे. त्याऐवजी: गुंडीचे हात मोकळे राहावेत. ती ठोकेल तर ठोकू द्या, नाही तर नाही. कुणी मोजू नका. मीसुद्धा आजपासून मान वर करून बघणार नाही. जमेल का माहीत नाही, पण लिहिलंय.

कलम आठ. किरकोळ. मोठी कात्री बेकरीवाल्याच्या मुलीला. तिचा हात चांगला आहे, पण कात्रीने कागद कापलास तर परत घ्यायला येईन. प्रमाणपत्राची चौकट नणंदेला, आतला कागद फाडून. आरसा बसवून घ्या. ठोक्यांची वही माझ्यासोबत जाळा. बटणांचे डबे गुंडीचे आहेतच, ती रंगांप्रमाणे लावून ठेवते, तिचा क्रम मोडू नका.

या मृत्युपत्राचे व्यवस्थापक म्हणून वकिलांच्या कारकुनाला नेमते. थोडक्यात काम करण्याची त्याला हौस आहे. याआधी मी दुसरं मृत्युपत्र केलेलं नाही. जिवंत असेपर्यंत हे बदलायचा हक्क माझा.

ज्याला काही मिळतं त्याने साक्षीदार होऊ नये असा नियम आहे. म्हणून मशीनचा मेकॅनिक आणि घरी इंजेक्शन द्यायला येणारी नर्स, या दोघांना बोलावलं. सही करण्याआधी मी मशीन एकदा चालवून थांबवणार आहे. दोघांनी आपण काय बघितलं, काय ऐकलं, ते सहीवर आपल्या हाताने लिहावं. मी मान खाली घालून बसेन. मला सांगू नये.

स्थळ: राहतं घर, पुढची खोली.
दिनांक: नऊ मार्च, सोमवार, सकाळी अकरा.

(सही) शिवणबाई

साक्षीदार पहिली. बाईंनी माझ्यासमोर शुद्धीत सही केली. मशीन थांबल्यावर चार ठोके पडले, ते मशीनचेच होते. त्यानंतर मला काही ऐकू आलं नाही. पण मुलगी खिडकीपाशी बसली होती, तिने मान वळवून मधल्या फळीकडे बघितलं. तिचे हात मांडीवर होते. बाईंनी मान वर केली नाही.
(सही) नर्स

साक्षीदार दुसरा. सही माझ्यासमोर झाली. चार ठोके मशीनचे. त्यानंतर आणखी चार ऐकले, फळीच्या मागून. मी मागच्या खोलीत जाऊन बघून आलो. खाटेवर कोणी नाही. नट घट्ट केलेला नाही.
(सही) मेकॅनिक