ताईची अर्धशिशी

१२ मार्च, दुपार

ताई,

तू खुशाल असशीलच. आईही ठीक आहे. जेवते, रागावते, कूस मात्र मलाच बदलून द्यावी लागते.

माझं डोकं हल्ली रोज दुखतं. चष्म्याच्या दुकानात काम करणारी मी, आधी स्वतःचाच नंबर तपासला. तो होता तसाच. मग डॉक्टरीणबाईंकडे गेले आणि ऐटीत सांगितलं, आमच्या घरात अर्धशिशी आहे, मोठ्या बहिणीला तर फार.

त्यांनी नुसते प्रश्न विचारले. एकाच बाजूला ठणकतं, की सगळं डोकं आवळल्यासारखं होतं? मळमळतं? उजेड, आवाज नकोसा होतो? जिना चढलं की वाढतं? आधी डोळ्यांपुढे नागमोडी रेघा चमकतात का? अचानक कधी नव्हे इतकं दुखलं, तापात मान आखडली किंवा हात लुळा पडला, तर मात्र थेट हॉस्पिटल गाठायचं, हेही बजावलं. माझं आवळतं, दोन्हीकडून. ताणाचं दुखणं, म्हणाल्या. अर्धशिशी नव्हे.

मग त्यांनी विचारलं, बहिणीला दुखतं तेव्हा ती काय करते? मी सांगायला लागले आणि माझी मलाच लाज वाटली. आईला तुझ्या घरी न्यायची पाळी आली की तुझं डोकं उठायचं. मागच्या खेपेला मी गोळी घेऊन धावत आले, तर तू कपाळाला फडकं बांधून स्टुलावर उभी, नवे पडदे टांगत होतीस. टीव्ही मोठ्याने चालू. मला वाटलं, बिचारी, दुखत असूनही राबते. भावोजींच्या हातात गोळी दिली तर ते म्हणाले, "कुणाचं डोकं?" तेही मी हसण्यावारी नेलं. इतकी मी बावळट.

न तपासता डॉक्टरीणबाई तुझ्याबद्दल काही बोलल्या नाहीत. गरजही नव्हती. ताई, सरळ "मला जमत नाही" म्हणाली असतीस तर मी कडाकडा भांडले असते आणि विसरलेही असते. तू माझी माया वापरलीस. केसाने गळा कापलास.

आई अजून विचारते, "थोरलीचं डोकं दुखायचं थांबलं का गं?" मी हो म्हटलंय. बाकी काही सांगितलेलं नाही.

रविवारी तिला घेऊन येते. पलंग खिडकीशी लाव. डोकं दुखत असेल तर तिच्याशेजारीच पड. ती कपाळावरून हात फिरवत बसेल. तो हात सोसवतो का, बघ.

कालपर्यंत तुझा शब्द न् शब्द खरा मानणारी,
धाकटी