भरतीला गेली

प्रिय योगिनी,

पाकिटावरचं अक्षर ओळखून तू हे पत्र न फोडताच शालनबाईंच्या टपरीतल्या फळीवर ठेवून देशील, अशी मला धास्ती आहे. तसं करू नकोस. आधी वाच, मग हवं तिथे ठेव. फोन केला असता, पण माझा नंबर दिसला की तू उचलत नाहीस, आणि आईच्या फोनवरून बोलावं तर ती शेजारीच उभी असते. मला एकच गोष्ट विचारायची आहे. विचारणं अवघड नाही, पण उत्तर तिच्यासमोर ऐकायची माझी तयारी नाही. म्हणून लिहायला बसलो. लिहिताना मधे कोणी बोलत नाही, हा एक फायदा.

शालनबाई म्हटलं, यावरून तुझ्या लक्षात आलंच असेल. मी तिकडे येऊन गेलो. मागच्या शनिवारी आपल्या सोसायटीची कोकण सहल निघाली, तिच्यात मी होतो. सहली म्हणजे रिकामटेकड्यांचे उद्योग, असं मी वर्षानुवर्षं म्हणत आलो, त्यामुळे उद्धवरावांकडे पहिलं नाव माझं गेलं तेव्हा त्यांना वाटलं मी चेष्टा करतोय. त्यांना कारण माहीत नव्हतं. कारण त्यांच्याच मोबाइलमध्ये होतं. चेअरमन झाल्यापासून ते सहलीची ठिकाणं दाखवायला ज्याचे त्याचे फोटो जमवत असतात. त्यात कुणा पुतण्याचा जंजिऱ्याचा फोटो होता. शिडाची होडी, कडेला वीसेक माणसं, आणि पुढच्या टोकाला एक हात कंबरेवर, दुसरा किल्ल्याकडे करून उभी असलेली मुलगी. फोटो मोठा करून बघायची गरज पडली नाही. मोशीच्या मैदानावर पहाटे धावून झालं की तू कंबरेवर हात ठेवून उभी राहायचीस, ते उभं राहणं मी धुक्यातही ओळखलं असतं.

आईला तू सांगितलंस रिसॉर्टच्या ऑफिसात कामाला आहेस. मी तिला काही बोललो नाही. तू तिला का सांगितलं नाहीस ते मला समजतं. मामा इंद्रायणीत बुडून गेला त्याला किती वर्षं झाली, तरी ती अजून पूल ओलांडताना नदीकडे बघत नाही. तुला लहानपणी तिने घाटावर पाय बुडवू दिला नाही. आणि तिची मुलगी समुद्रात लोकांना किल्ले दाखवते, हे मी तिला कोणत्या तोंडाने सांगणार? तिला घाटात गाडी लागते, म्हणून ती सहलीला आली नाही. मला बरंच वाटलं.

ताम्हिणीत ड्रायव्हर प्रत्येक वळणावर आतल्या बाजूने कापत होता. मी दोनदा सांगितलं. तिसऱ्यांदा उद्धवराव म्हणाले, "हिंदुराव, ही तुमच्या कंपनीची लाइन नाही राव, इथे इन्स्पेक्शन बंद ठेवा." सगळी गाडी हसली. हसू दे. हेल्परचा इन्स्पेक्टर मी असाच झालो. ड्रॉइंग वाचायला मला कोणी शिकवलं नाही. चुकीची गोष्ट दिसली की माझ्याने गप्प बसवत नाही, हे तुला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे.

हरिहरेश्वरला दर्शन झालं आणि आम्ही प्रदक्षिणेच्या वाटेने खाली उतरलो. तिथले खडक तू पाहिलेच असशील. लाटांनी खाऊन जाळी केली आहे. आमच्याकडे अशा भोकांचं कास्टिंग आलं तर सबंध लॉट परत पाठवतो. पण खरं सांगतो, मी तिथे बराच वेळ उभा राहिलो. हात लावून पाहिला. भोकांच्या कडा इतक्या गुळगुळीत होत्या की वाटलं, हे काम घाईने झालेलं नाही. वाटेवर पाटी होती, भरतीच्या वेळी या मार्गाने जाऊ नये. मी सवयीप्रमाणे ती सगळ्यांना मोठ्याने वाचून दाखवली, तर उद्धवराव म्हणाले, "घ्या! चाकणला गेटवर भरती बंद, इथे देवाच्या दारीसुद्धा भरती बंद!" त्यावर सगळ्यात जास्त मीच हसलो. हे मुद्दाम लिहितोय, कारण दुसऱ्या दिवशी जे झालं त्याला माझ्याकडे सबब नाही. शब्दाचे दोन्ही अर्थ मला आदल्या दिवशी नीट कळले होते.

दुसऱ्या दिवशी श्रीवर्धनला पेशव्यांचं स्मारक, मग दिवेआगरच्या सुपारीच्या बागा आणि गणपती, असं करत आम्ही दिघीच्या बाजूला तुमच्या धक्क्यावर पोहोचलो. जंजिरा समोर दिसत होता. इतके दिवस पुस्तकात पाहिलेला किल्ला समोर होता आणि माझं लक्ष होड्यांवर. कुठल्याच होडीत तू नव्हतीस. मी बाकीच्यांपासून बाजूला झालो, टपरीवर चहा घेतला आणि आवाज शक्य तितका साधा ठेवून शालनबाईंना विचारलं, योगिनी म्हणून कोणी मुलगी इथे असते का. त्या भजी तळत होत्या. वर न बघताच म्हणाल्या, "योगिनी? ती भरतीला गेली."

पोरी, मला काय झालं ते कसं सांगू. तीन वर्षं आपल्या घरात तो शब्द एकाच अर्थाने फिरला. पोलीस भरती. ग्राउंड, गोळाफेक, आठशे मीटर, लेखी. थोडक्यात हुकलीस, मी म्हटलं पुन्हा जा, तू म्हणालीस आता नाही, आणि घर सोडलंस. माझं म्हणणं चुकीचं होतं असं मी आजही म्हणणार नाही. पण त्या क्षणी मला वाटलं, हिने कुणाला न सांगता पुन्हा फॉर्म भरला. आपलं ऐकलं. जाहिरात निघाली आहे का, कुठल्या जिल्ह्याची, हे काही म्हणजे काही मी तपासलं नाही. कंपनीत मशीनवरचा प्रत्येक जॉब दोनदा मोजणारा मी! सरळ तुझ्या आईला फोन लावला. ती म्हणाली, "व्हय? खरंच गेली का भरतीला?" आणि रडायलाच लागली. मी तिला बजावलं, निकाल लागेपर्यंत पोरीला काही विचारू नकोस, नजर लागते. तिने तुला विचारलं नाही, पण संध्याकाळपर्यंत सगळ्या विंगला पेढे वाटले. मी इकडे शालनबाईंच्या बरणीतल्या नारळाच्या वड्या घेतल्या आणि गाडीतल्या माणसांना वाटल्या. उद्धवरावांनी मला मिठी मारली. "फौजदाराचे बाप, आता घाटात तुम्हीच चलान फाडा!"

मग वारं सुटलं. किल्ल्याकडे नवीन होड्या सोडायच्या नाहीत असं ठरलं आणि आमची माणसं कुरकुरत बसली. शालनबाई दोनदा हात पुसत धक्क्याच्या टोकापर्यंत जाऊन आल्या. मी विचारलं, काही काळजीचं आहे का? त्या म्हणाल्या, "योगिनीची होडी अजून आली नाही ना." मी त्यांना समजावलं, अहो, भरती दोन-चार दिवस चालते, आधी ग्राउंड घेतात, मग लेखी. त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की बस्स. "कसलं ग्राउंड? पाण्याची भरती हो! पाणी चढल्याशिवाय इथून होडी निघत नाही, म्हणून भरतीला गेली म्हटलं."

माझ्या हातात वडी होती. ती कुठे गेली मला आठवत नाही.

पुढचा वेळ मी मासळीच्या क्रेटच्या ढिगाआड उभा राहून काढला. समुद्राच्या बाबतीत मी अडाणी माणूस. माण तालुक्यात वाढलो, आमच्याकडे आंघोळीलाच पाणी पुरत नव्हतं. कुठली लाट साधी, कुठली वाईट, मला कळेना. प्रत्येकच वाईट दिसत होती. कंपनीत मशीनचा आवाज बदलला तर मला लांबून समजतं. इथे सगळा आवाज एकसारखाच. शेवटी ते शीड दिसलं. होडी धक्क्याला घासली तेव्हा तू पुढे होतीस, एक पाय होडीत, एक पायरीवर. "काका, चप्पल नंतर शोधा, आधी हात द्या हात!" एक जण त्याही गडबडीत मोबाइल वर करून उभा होता, त्याला म्हणालीस, "दादा, किल्ला कुठे जात नाही, तुम्ही मात्र जाल." म्हातारे तांडेल सुकाणूपाशी बसून हसत होते. माणसं एकेक करून वर आली. सगळ्यांच्या अंगात नारंगी जाकीट. तुझ्या अंगात नव्हतं.

मी ढिगाआडून बाहेर यायच्या आत तुम्ही होडी परत लोटली. किल्ल्यावर आणखी माणसं राहिली होती म्हणे. उद्धवरावांना मी सगळं सांगितलं. त्यांनी एक शब्द चेष्टेचा काढला नाही, ड्रायव्हरला चहा पाजला आणि गाडी थांबवून ठेवली. तू दुसऱ्यांदा आलीस, शेवटचा माणूस वर आला, मग तू आलीस, ओढणी पिळलीस आणि टपरीकडे निघालीस. तेव्हा मी गाडीत जाऊन बसलो. तुला राग येईल. पण समोर आलो असतो तर पहिलं वाक्य 'चल घरी' हेच निघालं असतं, आणि त्यापुढे तू काय म्हणाली असतीस तेही मला ठाऊक आहे. तुझ्यासाठी ठेवलेला वड्यांचा पुडा शालनबाईंनी दिला असेल. तो माझा.

घरी आल्यावर आईला खरं सांगायला मला दोन दिवस लागले. रोज कोणीतरी विचारायचं. शेजारच्या कस्तुराने तर वर्दी शिवणाऱ्या टेलरचा नंबर आणून दिला. शेवटी मंगळवारी जेवण झाल्यावर सांगितलं. वाटलं होतं, ओरडेल, पेढ्यांवरून बोलेल, आत्ताच्या आत्ता पोरीला घेऊन या म्हणेल. ती ताटं गोळा करायला लागली. मग मीच बोलत सुटलो. होडी केवढी, लाकूड कसलं, माणसं किती घेतात, तांडेल किती जुने, वारं सुटलं की होड्या कशा बंद करतात, जे जे पाहिलं आणि शालनबाईंना विचारून घेतलं ते सगळं तिला सांगितलं. तिने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "ते ऱ्हाऊ द्या. तिला पवता येतं का?"

योगिनी, तुझं आठशे मीटरचं टायमिंग मला पाठ आहे, गोळा किती लांब जायचा तेही, आणि हे मला माहीत नाही. ती अजून माझ्या तोंडाकडे बघते आहे, जेवताना, कामावर निघताना, पण पुन्हा विचारत नाही. तुला फोनवरही विचारणार नाही, मला माहीत आहे. तिलाही तेच भय आहे जे मला आहे. घरी ये असं मी या पत्रात लिहिलेलं नाही, नीट बघ. एवढंच सांग, तुला पोहता येतं का? येत असेल तर आईला स्वतः फोन करून सांग. येत नसेल तर मला लिही, फक्त मला, आणि शिकेपर्यंत त्या होडीत पाय ठेवू नकोस.

वाट बघत असलेला,
तुझाच,
आप्पा