दोन हिरवे बोल्ट

राइस लेक, १२ एप्रिल २०११

ती. आर्लीनताईस,
धाकट्या ऑर्विलचा सा. न. वि. वि.

फोनवर तू मला एक वाक्य पुरं करू देत नाहीस, म्हणून लिहितो. ग्रेचेनचं पत्र आलंय. चार जुलैला अ‍ॅनिकाला घेऊन आठवडाभर राहायला येते म्हणते. नात सहा वर्षांची झाली, मी तिला फोटोतच पाहिलंय. मी तिच्यासाठी परसातला जुना झोपाळा पुन्हा उभा करतोय असं कळवलं होतं, त्यावर ग्रेचेनची एकच अट आहे. आर्लीनआत्याने तो स्वतः पाहून ठीक आहे असं लिहिलं तरच ती येणार. माझ्या शब्दावर नाही. आठ वर्षांची असताना याच झोपाळ्याची तुळई निसटून तिचा कोपर मोडला, तो अजून पुरता सरळ होत नाही. तेव्हा तिचं चुकलं असं मी म्हणणार नाही.

हात आखडूनच काम चाललंय. खांब जुनेच ठेवतो, नुसता खालचा कुजका भाग कापून. घसरगुंडी शेजारच्या गल्लीत कचऱ्याच्या दिवशी ‘फुकट न्या’ अशी चिठ्ठी लावून ठेवलेली मिळाली. रंग चर्चच्या कुंपणाचा उरलेला. तू जूनमध्ये येशील ना?

तुझ्या शिव्यांसकट तुझी माया हवी असलेला,
ऑर्विल


डुलुथ, १९ एप्रिल

चि. ऑर्विल यास,
आर्लीनताईचे आशीर्वाद, लायकी नसली तरी.

पत्र वाचून हसावं की कपाळाला हात लावावा कळेना. कचऱ्यातली घसरगुंडी, कुंपणाचा रंग, कुजके खांब. नातीचं स्वागत करतोयस की भंगार जमवतोयस? आणि खड्डे किती खोल खणणार आहेस? दीड फूट खणून घाम पुसत बसणारा माणूस तू. आपल्याकडे जमीन चार फुटांपर्यंत गोठते आणि उथळ पुरलेला खांब दात उपटावा तसा वर काढते, हे शाळेतल्या पोरांनाही ठाऊक आहे. तू त्याच शाळेत तीस वर्षं कारकुनी केलीस.

माझ्या मिल्टनला जाऊन चार वर्षं झाली, पण काम असावं तर त्याच्यासारखं. गोठलेल्या तळ्यावर मासे धरायला त्याने लाकडी खोपटी बांधली, तिला वीस हिवाळ्यांच्या वाऱ्याने काही झालं नाही. तुझा झोपाळा सहा वर्षं टिकला नाही. स्वतःच्या पोरीच्या झोपाळ्याला दोन बोल्ट घालायला विसरणारा बाप मी दुसरा पाहिला नाही. तुझी बायको व्हर्ना बिचारी मरेपर्यंत तुला हेच ऐकवत होती, आणि बरोबर ऐकवत होती.

येईन. पाहून जे वाटेल तेच लिहीन, तुझ्यासाठी खोटं लिहिणार नाही. कळावे.

तुझी ताई


राइस लेक, ९ मे

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

चार फूट खणलं. तीन दिवस कंबर धरून पडलो होतो, तेव्हा तुझं समाधान झालं असेल.

एक गंमत लिहायची होती. पडलेली तुळई मी तेव्हाच गॅरेजच्या भिंतीला टेकवून ठेवली होती, ती परवा पहिल्यांदा उलटी केली. ज्या टोकाचे दोन बोल्ट मी घातलेच नाहीत असं सगळे म्हणतात, तिथे दोन्ही भोकांभोवती वॉशरचा गोल ठसा आहे. ठशाच्या आत कोरं लाकूड, बाहेर हिरवा रंग. म्हणजे मी रंग लावला तेव्हा बोल्ट जागेवर होते. बोल्टांच्या डोक्यांनाही मीच तो हिरवा लावला होता, आता आठवतं. आणि भोकं फाटलेली नाहीत, शाबूत आहेत. बोल्ट तुटले नाहीत, कुणीतरी पान्याने काढले.

ताई, मी सुरुवातीला शपथेवर सांगत होतो, पण व्हर्ना ऐकेना. पुढे मलाच खरं वाटायला लागलं. हे तिला दाखवता आलं असतं तर बरं झालं असतं.

तू आलीस की तुला दाखवतो.

ऑर्विल


डुलुथ, १५ मे

चि. ऑर्विल यास,
आशीर्वाद.

तेहतीस वर्षांपूर्वीचे ठसे बघत बसण्यापेक्षा नवे बोल्ट आण. अकरा जूनला येते. चर्चच्या जेवणाचं उरलंसुरलं मला वाढू नकोस.

तुझी ताई


राइस लेक, १३ जून

चि. सौ. ग्रेचेनला,
आर्लीनआत्याचे अनेक आशीर्वाद.

झोपाळा पाहिला. रंग ओघळलाय, घसरगुंडी एका बाजूला कललीय, आणि तुझ्या बापाने मला पुन्हा पुन्हा एकच खांब दाखवला. हे सगळं तू डोळ्यांनी बघशीलच. पण तुझ्या कोपराचं एक तुला माहीत नाही, ते मी लिहायला बसले आहे.

तुझ्या अपघाताआधीच्या डिसेंबरात मिल्टनच्या खोपटीच्या दाराला दोन बोल्ट कमी पडले. तुमच्या परसात झोपाळा गुडघाभर बर्फात उभा होता. बर्फात झोके कोण घेतं, असं त्याने मनाशी म्हटलं असेल. तळं वितळलं की परत लावू. तळं वितळलं, तो विसरला, आणि एप्रिलच्या पहिल्या उन्हात तू झोपाळ्यावर चढलीस. मग तो तोंड मिटून बसला. तो गेल्यावर खोपटी विकायला काढली, तेव्हा बिजागरीला दोन हिरवे बोल्ट दिसले. चार वर्षं ते माझ्या शिवणाच्या डब्यात आहेत. आणि या चार वर्षांत एकही नाताळ असा गेला नाही की मी ऑर्विलला विसरभोळा म्हटलं नाही. नवऱ्याचं नाव राखायला भावाला हिणवणारी बाई मी. माझी मलाच किळस येते.

काल ते त्याच्यापुढे टेबलावर ठेवले. त्याने मला चार शब्द सुनावायला हवे होते. त्याने एवढंच विचारलं, व्हर्नाला हे ठाऊक होतं का. मी नाही म्हटलं. मग तो बोल्ट घेऊन परसात गेला. तुळई तीच जुनी वर चढवलीय, तिच्या भोकांभोवती रंगात राहिलेल्या वॉशरच्या ठशांत ते बरोबर बसले. काढून आम्ही नवे घातले, जुन्यांच्या भरवशावर मी तुझ्या पोरीला बसू देणार नाही.

अर्धा तास मी स्वतः झोपाळ्यावर बसले. माझं वजन तुला माहीत आहे. तुळई हलली नाही. ऑर्विल मागून झोके देत होता आणि मला त्याच्याकडे वळून बघवत नव्हतं.

अ‍ॅनिकाला घेऊन ये. झोपाळा पक्का आहे. तुझ्या बापाने बांधला होता तेव्हाही पक्काच होता.

माझ्यावर लोभ ठेवायचा की नाही, ते तू ठरव.

आर्लीनआत्या