पेजेतला हात

६ जानेवारी, सोमवार
आजपासून नवीन काम. घरून चालत जाता येतं, रिक्षाची कटकट नाही. बाहेरून साधा गाळा, आत एसी, काचा, पांढरे कोट. मिनल मॅडमनी सांगितलं, समुद्राच्या शेवाळातून, तांदळातून चीक काढतात आणि त्यात माणसाच्या पेशी वाढवतात. पुढं भाजलेल्यांना कातडी मिळेल. चीक जसा, तशी वाढ म्हणे. मी म्हटलं, म्हणजे पोराला पेज पाजल्यासारखंच की. हसली. बाई बरी आहे. मी त्या पेशींच्या ताटल्या धुवायच्या, पण आधी पेशी मारायच्या औषधात बुडवून. संचिता, माझी लेक, म्हणते रोज लिही आई, अक्षर सुधारेल. लिहितेय.

९ जानेवारी, गुरुवार
वाफेच्या मशीनचं झाकण लागून उजवा तळवा भाजला. टाकायच्या ताटलीतला चीक गारेगार, कोरफडीसारखा. दिला फासून. फुकटच जाणार होता. मॅडमला बोलले नाही, उगाच लेक्चर देईल.

११ जानेवारी
जखम गायब! बाळासारखी गुलाबी कातडी. संचिता म्हणते, आई तू पार्लरच उघड. पण खाज मरणाची. आमच्या रत्नागिरीकडं आग झाली की पेज लावतात. हात बुडवून बसले, तेव्हा शांत झालं.

१३ जानेवारी
करंगळी शेजारच्या बोटाला चिकटलीय. तळव्यावर रेषाच नाहीत. हातमोजा घालून काम केलं. सांगितलं तर काम जाईल. आणि हात गेला तर मला दुसरं काम कोण देणार? पेज नाही दिली की आतून ओढतं, पोर अंगावर ओढतं तसं.

१४. संक्रांत
सगळी बोटं एक झाली. डाव्या हातानं लिहितेय. घाबरून मॅडमला फोन करून सगळं सांगितलं. ओरडली. मग विचारलं, त्यावर काय लावता. पेज म्हटलं. म्हणाली, अहो, त्यावरच वाढतंय ते! पेज बंद, आणि कुणाला हात लावू देऊ नका, मी निघतेय.
उशीर झाला. त्याआधीच संचितानं तिळगूळ त्याच हातात ठेवला. वर माझी मूठ दाबली, लाडानं.

तिचा हात निघत नाही. साबण लावला, तेल लावलं.
ती रडतेय, सोड गं आई. मी कुठं धरलंय तिला —

विळी आणायला दोघींना उठावं लागलं. कापू कुठं? टोचलं की दोघींना दुखतं. कातडी माझी कुठवर, तिची कुठून —
मनगटावर आलीय तिच्या. मॅडम अजून —
संचिता म्हणते आई, मला खाज सुटलीय. म्हणते, आई, थोडी पेज —