मांडीवरचा वळ

४ मार्च

आज प्रसूतीच्या खोलीत ड्युटीवर पुन्हा हात उचलला. पाच नंबरच्या खाटेवरची पोरगी, पहिलटकरीण. बाळाचं डोकं दिसतंय आणि ही किंचाळत पाय आवळून धरते! दिली सणसणीत मांडीवर. वर ऐकवलं, "नवऱ्याजवळ जाताना ओरडलीस का?" मोठ्या सिस्टर हसल्या. माझंच आठव्या महिन्याचं पोट तिच्या खाटेला घासत होतं.

बाळ ठणठणीत. तिच्या मांडीवर माझी पाचही बोटं.

७ मार्च

ठरलं. मी कळा बधिर करणारं पाठीतलं इंजेक्शन घेणार. नऊ वर्षं बायकांना फाटताना बघितलंय, मला शौर्यपदक नको!

नवरा म्हणाला, "तुझं शरीर, तू ठरव." सासूबाई उसळल्या — "आम्ही नाही कळा काढल्या? चार बाळंतपणं झाली!" म्हटलं, आई, त्या चारांत एकदा तरी तुम्हाला कुणी विचारलं होतं का? मग भाजी निवडता निवडता हळूच म्हणाल्या, "दातांनी उशी फाडली होती मी."

९ मार्च

इंजेक्शनच्या संमतीच्या कागदावर सही केली. मोठ्या सिस्टरना सांगून ठेवलं. "तुझ्यासाठी बोलावीन गं डॉक्टरांना," म्हणाल्या.

तुझ्यासाठी! इतर बायकांसाठी कोण बोलावतंय? इंजेक्शन दिलं की दर पाच मिनिटांनी बीपी बघत बसा. शिवाय भूल देणारे डॉक्टर खेकसतात म्हणे. ऑपरेशन असेल तरच त्यांना फोन. नुसत्या दुखण्यासाठी बायका हात जोडतात, तेव्हा आम्ही सांगतो, "निघालेत डॉक्टर." फोन केलेलाच नसतो. मीही नऊ वर्षं हेच सांगत आले.

१६ एप्रिल

मुलगी झाली, मंगळवारी. पेन आज धरवतंय.

सकाळी दहाला कळा सुरू. अकराला म्हटलं, सिस्टर, इंजेक्शन. "निघालेत." बारा वाजले — कंबर कुणीतरी कोयत्याने तोडतंय! "निघालेत गं, धीर धर." भिंतीवरचा फोन माझ्या डोळ्यांसमोर होता. त्याला कुणी हातही लावला नव्हता. तेच शब्द, तोच सूर — माझाच! "खोटारडी!" म्हणून मी ओरडले आणि त्यांच्या मनगटाला चावले. रक्त येईपर्यंत सोडलं नाही. त्यांनी मांडीवर ठेवून दिली. मग सगळं फाटलं. सात टाके.

जावे त्याच्या वंशा, तेव्हा कळे. मला कळलं. पण त्या सगळ्या बायकांना आता कुठे शोधू?

१७ एप्रिल

सासूबाईंनी शेकताना वळ बघितला. "हे कुणी केलं?" म्हटलं, आमच्याकडे पद्धत आहे तशी. फडकं पुन्हा गरम करून वळावर ठेवलं. मग विचारलं, "तूसुद्धा मारतेस?"

मी कूस बदलली.

२० ऑक्टोबर

कामावर पहिला दिवस. पाच नंबरची किंचाळली. माझा हात उठला, सवयीने — आणि पडलाही! तिने माझ्याकडे बघितलं. मी तडक जाऊन भूल देणाऱ्या डॉक्टरांना फोन लावला. "वेड लागलंय का तुला?" मोठ्या सिस्टर ओरडल्या. त्यांच्या मनगटावर माझ्या दातांची खूण अजून आहे.

डॉक्टर सहा मिनिटांत आले. खेकसले वगैरे काही नाहीत. हात धुता धुता म्हणाले, "दोन वर्षं झाली मला इथे. दुखतंय म्हणून या खोलीतून आज पहिल्यांदा फोन आला. मला वाटायचं, तुमच्याकडच्या बायकांना नकोच असतं."